वाफ्यात बाप नाही

श्री
१२ मार्च

तीर्थरूप आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले आणि मी उत्तर दिलं नाही. तू भाऊजींना आतापर्यंत दोनदा तरी म्हणाली असशील की भिंगऱ्याच्या पायातली भिंगरी आता डोक्यात गेली. खरं आहे. सकाळी चहाचा अर्धा कप तसाच ठेवून शेडमध्ये पळतो आणि दुपारचा डबा उभ्याने खातो. ही म्हणते, एवढं चालून तुम्ही आतापर्यंत आक्कांच्या दारात पोचला असता.

कारण सांगतो. गावाबाहेरची दगडाची खाण बंद झाली. तिचा बोडका उतार पुन्हा हिरवा करायचं ठरलंय आणि त्यासाठी आमच्या रोपवाटिकेकडे देशी स्ट्रॉबेरीची पंधराशे रोपं मागितली आहेत. ही स्ट्रॉबेरी बाजारातल्यासारखी नाही. करंगळीच्या नखाएवढं फळ, पण खाल्लं की हात धुवावासा वाटत नाही असा वास. ती त्याच उतारावर आपोआप उगवायची. सहा वर्षांपूर्वी खाण वाढणार असं कळलं, तेव्हा सुरुंग लागायच्या आधी मी तिथून चाळीस रोपं उकरून आणली होती. आता ती दुसरीकडे कुठे उरली आहे असं ऐकिवात नाही.

मी ती बियांवर वाढवत नाही, रनरवर वाढवतो. मूळ रोप जमिनीवरून लांब दोरीसारखी फांदी सोडतं, तिलाच आम्ही रनर म्हणतो. तिच्या टोकाला पिल्लू धरतं. त्या पिल्लाखाली छोटी कुंडी ठेवायची, तारेच्या आकड्याने त्याला मातीत बसवायचं आणि मूळ धरेपर्यंत आईपासून तोडायचं नाही. पाच आठवड्यांनी दोरी कापायची. तार संपली की मी हिच्या केसांच्या पिना पळवतो, त्यावरून घरात रोज खटका. तू आयुष्यभर नाळा कापल्यास, आक्का. तुझा भाऊ वेगळं काय करतो?

पहिल्याच वर्षी मी चाळीसही रोपांवर बारीक नजर ठेवली होती. ज्या तीन रोपांना सगळ्यांत जास्त फळ आलं त्यांना लाल दोरा बांधला. जी नुसती फुलत राहिली आणि फळाच्या नावाने शंख, ती वांझ म्हणून उपटली आणि खताच्या खड्ड्यात टाकली. आजची पंधराशे रोपं म्हणजे त्या लाल दोऱ्यांचीच लेकरं.

आणि यंदा त्यांनाच फळ नाही. फूल येतं, पाकळ्या गळतात, मधला गोंडा काळा पडून सुकतो. पाणी कमी केलं, वाढवलं, खत बदललं. देवापुढे बसलो, तर तिथेही डोळे मिटल्यावर काळे गोंडेच दिसतात. पंचवीस एप्रिलला रोपं न्यायला गाड्या येणार. आमच्या मुख्य, ज्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणतो, त्यांनी सांगितलंय की हे काम नीट पार पडलं तर देशी झाडांची शेड कायमची होईल आणि तिचा प्रमुख मी. गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाला याहून मोठं काय मिळायचं? म्हणूनच जीव टांगणीला लागलाय.

भाऊजींना नमस्कार. तुमची माया आहे म्हणून हे रडगाणं लिहिलं, ती कमी होऊ देऊ नका.

तुझा,
भिंगऱ्या


श्री
१९ मार्च

चि. भिंगऱ्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र नेहमीप्रमाणे ह्यांनी मोठ्याने वाचलं आणि मी भाजी निवडत ऐकलं. ह्यांची पद्धत तुला ठाऊक आहे. घड्याळ उघडलं की एकेक चाक बाहेर काढून बघणार, पत्र उघडलं की तारखेपासून सहीपर्यंत एक अक्षर सोडणार नाहीत. एका शब्दाशी मात्र त्यांना ठसका लागला. पाणी प्यायले, मग पुढे वाचलं. तो शब्द कुठला हे तुला कळलं नसेल. कळलं असतं तर लिहिला नसतास. असो. रोपांना काय, कुणी काहीही म्हणावं.

माझ्या भावजयीच्या पिना चोरणं बंद कर. इतकी वर्षं तुझ्याबरोबर काढली त्या बाईने, केस तरी नीट बांधू देत.

आता तुझ्या दुखण्याचं बघू. मी चौतीस वर्षं प्रसूतीच्या वॉर्डात काढली. मूल होत नाही म्हणून बाई यायची ती सासूबरोबर. सासू बोलायची, सून जमिनीकडे बघायची. आमच्या डॉक्टरीणबाई सगळं ऐकून घ्यायच्या आणि विचारायच्या की नवरा कुठे आहे. सासवांना असा राग यायचा की काही उठून चालायला लागायच्या. मी बाहेरच्या बाकापर्यंत जाऊन त्यांना समजावून परत आणायची.

तर मीही तुला तेच विचारते. तुझ्या वाफ्यात बाप कुठे आहे? आयांना तू लाल दोरे बांधलेस, लेकरं मोजलीस, नाळा कापल्यास. बापाचा उल्लेख पत्रात कुठेच नाही. पपईत नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं असतं, तेवढं मला कळतं. स्ट्रॉबेरीत तसं नसतं म्हणालास तर माझं हसं कर, मी रागावणार नाही. पण आधी बघ आणि मग हस.

चहा पूर्ण पीत जा. धाकटा असलास तरी पन्नाशीला आलास.

तुझी,
आक्का


श्री
२८ मार्च

तीर्थरूप आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र शेडमध्ये मातीच्या पोत्यावर बसून लिहितो आहे. हाताला माती आहे, कागदावर डाग पडतील, रागावू नकोस.

हसायची सोय तू ठेवली नाहीस. तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी कार्यालयातलं भिंग मागून आणलं आणि एकेक फूल बघत सुटलो. फुलाच्या मधल्या गोंड्याभोवती पिवळ्या टोकांच्या काड्या असायला हव्यात, त्यांच्यावर पिवळी पूड असायला हवी. आमच्या फुलांत त्या काड्या खुरटलेल्या आहेत, पांढुरक्या, कोरड्या. शंभर फुलं बघितली, दोनशे बघितली. एकातही पूड नाही. मग कपाटातली एक जुनी पुस्तिका काढली. मला वाचायला वेळ लागतो, बोट ठेवून वाचतो. तिच्यात स्पष्ट लिहिलं आहे की बागेतल्या स्ट्रॉबेरीचं फूल दोन्हींचं काम करतं, पण या रानातल्या जातीत पुष्कळदा काही रोपं नर असतात आणि काही मादी. नराला फुलं येतात, फळ कधीच येत नाही.

मी ज्यांना खड्ड्यात टाकलं ते बाप होते, आक्का. एकूण एक.

तू म्हणशील, मग मधली पाच वर्षं फळं आली कशी? तेही सापडलं. शेजारच्या वाफ्यात बागेतली स्ट्रॉबेरी होती. मधमाश्या तिथली पूड इकडे आणत होत्या आणि माझी चूक झाकत होत्या. गेल्या हिवाळ्याआधी मीच मोठ्या बाईंकडे हट्ट धरला की देशी जातीशेजारी ही बाजारी जात नको, भेसळ होईल. त्यांनी माझं ऐकून तो वाफा काढायला लावला. मी धोंडा शोधून आणला, दुसऱ्याकडून उचलवला आणि स्वतःच्या पायावर पाडून घेतला.

हे अजून कुणाला ठाऊक नाही. काल मोठ्या बाई आल्या, रांगांमधून फिरल्या, खूश झाल्या. म्हणाल्या की रोपं दृष्ट लागण्यासारखी झाली आहेत, आता फुलं खुडून टाका म्हणजे जोर पानांत जाईल. त्यांचं म्हणणं चूक नाही. रोपं पाठवण्याआधी फुलं खुडायची हा आमच्याकडचा नेहमीचाच रिवाज. मी हो म्हटलं आणि दोन दिवस काहीतरी दुसरंच काम काढून टाळतो आहे. एका सकाळचं काम आहे, दोन बोटांचं. फुलं गेली की माझी चूक कुणाला कधीच दिसणार नाही.

मन दोन्ही बाजूंनी बोलतं. म्हणतं, रोपं जिवंत आहेत, हिरवी आहेत, रनर सोडत पसरतील, उतार झाकतील. मागणाऱ्यांनी फळ मागितलेलंच नाही. बोललास तर बाईंनी सहा वर्षं भांडून टिकवलेली शेड बंद होईल, मग या जातीकडे बघणारं कुणीच उरणार नाही. आणि लगेच म्हणतं, खाणीच्या कपारींत रनर चढत नाही, तिथे बी पाखरूच नेतं. पाखरं फुलं बघून येतील आणि रिकाम्या चोचीने परत जातील. पंधराशे रोपं म्हणजे मुळात तीन आयाच. एक रोग आला की सगळा उतार पुन्हा बोडका.

हिला अजून सांगितलेलं नाही. देवाला सांगितलं, पण तो ऐकून घेतो आणि आपल्यालाच परत विचारतो. म्हणून तुला विचारतो. तू मोठी आहेस. तू गप्प राहा म्हणालीस तर मी गप्प राहीन आणि मनाला लावून घेणार नाही.

या वेळी आशीर्वाद जरा जास्त पाठव.

तुझा,
भिंगऱ्या


श्री
५ एप्रिल

चि. भिंगऱ्यास,
अनेक आशीर्वाद.

हे दुकानात गेले आहेत, सासूबाई आतल्या खोलीत पडल्या आहेत. हे पत्र मी एकटी बसून लिहिते आहे आणि मीच पोस्टात टाकणार आहे.

गप्प राहू का, असं तू विचारलंस. त्या विषयात माझ्याएवढी जाणकार तुला मिळायची नाही. एक गोष्ट सांगते, ती आईलाही कधी सांगितली नाही.

लग्नाला चार वर्षं झाली तेव्हा आम्ही दोघांनी तपासणी करून घेतली. माझ्याच डॉक्टरीणबाईंनी सांगितलं म्हणून हेही आले. माझ्यात काही दोष नव्हता. कागद ह्यांचा वाईट निघाला. इलाज नाही, असं स्वच्छ लिहिलं होतं. बाहेरच्या जिन्यावर हे खाली बसले आणि त्या कागदाची घडी घालत राहिले, घालत राहिले, शेवटी तो नखाएवढा झाला. मला ते बघवेना. मी म्हटलं की घरी मी सांगेन, दोष माझ्यात आहे. ते हो म्हणाले नाहीत. नको असंही म्हणाले नाहीत. आम्ही उठलो आणि घरी आलो, आणि मी सांगितलं.

सासूबाईंनी मला छळलं असं म्हणणार नाही, उगाच खोटं कशाला? कुणी विचारलं की त्या उसासा टाकायच्या आणि माझ्याकडे बघायच्या, एवढंच. आपल्या आईचं मात्र लागलं. तुझी मुलगी झाली तेव्हा मी तिला घ्यायला हात पुढे केले आणि आईने बाळ उचलून दुसऱ्या खोलीत नेलं. तू तिथेच होतास, भिंगऱ्या. तू खिडकीबाहेर बघायला लागलास.

पण मी हे रडायला लिहीत नाही. माझं काय, मी बोलून, भांडून, हसून मोकळी होते. मला वाटलं होतं मी ह्यांचं ओझं उचललं. उचललं नाही, त्यांच्याच पाठीवर बांधून ठेवलं. घरात कुणाचं लहान मूल आलं की हे दुकानात काम आहे म्हणून उठून जातात. कुणी माझ्याबद्दल काही बोललं की मान खाली. त्या जिन्यावर ते वाक्य दोन मिनिटांचं होतं. आज त्याला एकोणतीस वर्षं झाली आणि आता ते त्यांच्या तोंडातून निघेल असं मला वाटत नाही.

तेव्हा सांग असंही मी म्हणत नाही आणि गप्प बस असंही नाही. फक्त गप्प बसायची परवानगी माझ्याकडे मागू नकोस. एकदा एका माणसाला दिली होती, न मागता. त्याचं काय झालं ते मी रोज बघते.

उत्तरात याबद्दल एक अक्षर नको. तुझी पत्रं कोण वाचतं ते तुला ठाऊक आहे.

तुझी,
आक्का


श्री
१६ एप्रिल

तीर्थरूप आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

सांगितलं.

एक कुंडी उचलली, फुलांसकट, आणि मोठ्या बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवली. त्यांनी मान वर न करता विचारलं की फुलं अजून खुडली का नाहीत. मी म्हटलं की चूक माझी आहे, आणि मग बाकीचं सगळं एका दमात आलं. चाळीस रोपं, लाल दोरे, खड्डा, शेजारचा वाफा, सगळं.

बाई आधी हसल्या. मला वाटलं सुटलो. मग त्यांचा चेहरा बदलला. सहा वर्षांच्या अहवालांवर त्यांच्या सह्या आहेत. म्हणाल्या की तुमचं वय काय, अक्कल काय आणि गाड्या यायला दिवस किती. पुष्कळ बोलल्या, त्यातलं निम्मं लिहिण्यासारखं नाही आणि सगळं खरं होतं. शेवटी दमल्या आणि म्हणाल्या की तुम्ही मुकाट्याने फुलं खुडली असती तर निदान मला तरी झोप लागली असती. मग स्वतःच उठून दोन कप चहा घेऊन आल्या. मी तो पूर्ण प्यायलो, आक्का.

ठरलं ते असं. सातशे रोपं जातील, खालच्या टप्प्यावर लागतील आणि कागदावर लिहिलं जाईल की ही सगळी मादी आहेत. बाकीची आठशे इथेच राहतील. याच फुलोऱ्यात नर सापडले तर शेड राहील. नाही सापडले तर शेडमध्ये शोभेची फुलझाडं लावायची, असं वरून सांगितलंय. प्रमुख माझ्याबरोबर काम करणारे आमचे चष्मेवाले होणार. भला माणूस आहे, माझ्यासमोर उगाचच दोनदा खोकला.

नर ओळखायचा तो फुलावरूनच, आणि फुलं आता जेमतेम तीन आठवडे. कामावरून सुटलो की खाणीच्या कडेकडेने फिरतो. दोन्ही रविवारी ही पण आली, साडी खोचून माझ्यापेक्षा भराभर चढली. गवत, काटे आणि दगडाचा भुगा. एक पान ओळखीचं वाटून धावलो, तर ते भलत्याच वेलीचं. देवाकडे मी सहसा काही मागत नाही. या वेळी मागितलं आणि मागून झाल्यावर लाज वाटली, की ज्याने फुकट दिलं होतं त्याच्याचकडे पुन्हा हात पसरतो आहे.

भाऊजींना नमस्कार. चिठ्ठी सोबत आहे.

तुझा,
भिंगऱ्या

(वेगळ्या घडीची चिठ्ठी)

फक्त आक्कासाठी

तू एक अक्षर नको म्हणालीस, पण मला राहवत नाही. तो शब्द मी लिहिला. कसा लिहिला मलाच कळत नाही, हाताला सवय होती. आणि मी खिडकीबाहेर बघत होतो ते मला आठवतं. तुला वाटत असेल मी विसरलो. बाहेर काहीही नव्हतं, एक भिंत होती. दोष तुझा नव्हता हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं, पण असता तरी मी बोलायला हवं होतं. भाऊजींना माझ्याकडून कधीही काही कळणार नाही. तुझा भिंगऱ्या.


२१ एप्रिल

चि. भिंगऱ्यास आशीर्वाद.

शहाण्या, चिठ्ठी वेगळी केलीस पण पाकीट एकच! ह्यांनी पत्र वाचलं, मग चिठ्ठी उघडली, “फक्त आक्कासाठी” हेसुद्धा मोठ्याने वाचलं आणि सवयीने पुढे वाचत गेले. माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. मध्ये कुठे थांबले नाहीत, तुझ्या सहीपर्यंत वाचलं. घडी करून खिशात ठेवली आणि दुकानात गेले. संध्याकाळी येऊन एवढंच म्हणाले की दोन तिकिटं काढली आहेत, नणंद चार दिवस सासूबाईंपाशी राहायला येते आहे, भिंगऱ्याच्या खाणीवर बारीक बघणारं कुणीतरी हवं. शुक्रवारी पोचतो. काही विचारू नकोस. माझ्या गुडघ्यांसाठी एक स्टूल ठेव.

आक्का


श्री
४ मे

तीर्थरूप आक्कास आणि भाऊजींस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही गेल्यापासून घर ओकंबोकं झालं आहे. हिने तुझं स्टूल अजून दारातून हलवलेलं नाही.

आक्का, मी दोन-तीन आठवडे खाणीत पाय झिजवले आणि तू खाली स्टुलावर बसून म्हाताऱ्या पहारेकऱ्याशी अर्धा तास गप्पा मारल्यास. त्याच्या सुनेच्या बाळंतपणापासून सुरुवात करून तू सुरुंगांच्या दारूच्या कोठडीपर्यंत पोचलीस. कोठडीच्या चहूबाजूंना शंभर पावलं सुरुंग लावायला बंदी होती, हे त्याने तुला सांगितलं. मला हे कुणाला विचारावं असं कधी सुचलंच नाही. झाडांना विचारत फिरलो, माणसांना नाही.

वर काय झालं ते तू बघितलं नाहीस, म्हणून लिहितो. कोठडीच्या मागे, भिंतीच्या सावलीत, एकोणीस रोपं. चौदांवर फुलं. मी बाजूला सरकून भाऊजींना जागा करून दिली. भाऊजींनी डोळ्याला भिंग लावलं आणि धुतलेल्या शर्टासकट खडीवर पालथे पडले. मी काही विचारलं की हाताने गप्प करत होते. एकेक फूल बघत पुढे सरकले. मग उठून बसले आणि अंगठ्याचं नख माझ्यापुढे धरलं. नखावर पिवळी पूड. पाच रोपं, म्हणाले. मी तिथेच डोकं टेकलं, भाऊजींनी तोंड दुसरीकडे केलं.

पुढचं लिहू की नको असं चार दिवस मनात घोळलं. भाऊजी, हे तुम्हीच वाचत असाल, तर इथे थांबलात तरी चालेल. आक्का, आम्ही लगेच खाली आलो नाही. भाऊजींनी मला विचारलं की मोठ्या बाईंच्या टेबलाशी गेल्यावर पहिलं वाक्य काय म्हटलं. मी सांगितलं की चूक माझी आहे, एवढंच, पुढचं आपोआप आलं. त्यांनी ते वाक्य दोनदा तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं, शाळेतला मुलगा पाठांतर करतो तसं. मग कपडे झटकले आणि उतरायला लागले.

या वेळी एकही रोप उकरलं नाही. रनर येतील तेव्हा तिथल्या तिथे कुंड्या ठेवायला परवानगी मिळाली आहे. भाऊजींनी दिलेल्या डबीत पूड आणली, बारीक कुंचल्याने आमच्या वाफ्यातल्या साठ फुलांना लावली. काल बघितलं तर नऊ गोंडे हिरवे होऊन फुगलेत. मोठ्या बाईंना दाखवले. त्यांनी चष्मा लावून बघितलं, मान डोलावली आणि म्हणाल्या की शेड राहील, पण प्रमुख चष्मेवालेच. मी म्हटलं बरोबर आहे. चष्मेवाल्यांनी मला पहिला हुकूम दिला की जेवताना बसत जा.

बसतो. पण पाय अजून हलत असतात.

दोघांच्या मायेत मला जागा असू द्या.

तुमचा,
भिंगऱ्या


१२ मे

प्रिय मेव्हणे यांस,
स. न. वि. वि.

मला पत्र लिहायची सवय नाही. वाचायची आहे, आणि ती किती घातक आहे ते तुम्ही जाणता. चार तारखेच्या पत्रात तुम्ही थांबा म्हणालात तिथे थांबलो नाही. तुमची आक्का समोर बसली होती. तिनेही थांबा म्हटलं नाही.

रविवारी सकाळी आईच्या पलंगाशी जाऊन बसलो. आई आता ब्याण्णव वर्षांची आहे, ऐकू फारच कमी येतं. मी ते पहिलं वाक्य म्हटलं. आईने मान हलवली, म्हणजे तिला ऐकू आलं नव्हतं. पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. तिने हाताने खूण केली, आणखी मोठ्याने. एकोणतीस वर्षं जे माझ्या ओठांबाहेर पडलं नाही ते मला तिसऱ्यांदा ओरडून सांगावं लागलं, की दोष माझ्यात होता, हिच्यात कधीच नव्हता, मला ठाऊक होतं आणि मी हिला बोलणी खाऊ दिली. खिडकी उघडी होती. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंचं शिवणयंत्र मध्येच थांबलं. रस्त्यावरच्या दूधवाल्याने वर पाहिलं.

तुमची आक्का स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी धावत आली. आईने मला विचारलं, कुठल्या सालापासून ठाऊक होतं. मी साल सांगितलं. तिने बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिलं. मला म्हणाली, एवढं ओरडायला काय झालं, ऐकू येतं मला. मग हिला जवळ बोलावलं आणि हिचा ओला हात आपल्या दोन्ही हातांत धरला.  तो सोडलाच नाही.

गॅसवरचं दूध उतू गेल्याचा वास आला. हिला उठता येईना. मी जाऊन गॅस बंद केला, ओटा पुसला आणि परत खोलीत आलो. कुठे बसावं ते कळेना म्हणून तसाच उभा राहिलो. तेव्हा तुमच्या आक्काने मोकळ्या हाताने पलंगावर थोपटून मला जागा दाखवली.

पत्र कसं संपवतात ते मला वाचून माहीत आहे, लिहून नाही. तेव्हा इथेच संपवतो. तुम्ही लावलेला लोभ मी जपून ठेवला आहे.

तुमचा,
घड्याळवाला

ता. क. आक्काने वाचून पाहिलं. स्वल्पविराम कमी आहेत म्हणते.